हॉर्न कोणाचा?

घाटरस्त्याच्या आंधळ्या वळणावर ‘हॉर्न वाजवा’ अशी पाटी असते आणि रुग्णालयाच्या फाटकाशी भोंग्याच्या चित्रावर तांबडी काट मारलेली पाटी असते. दोन्ही पाट्या शासनानेच लावलेल्या आणि दोन्ही एकाच गाडीला उद्देशून. एके ठिकाणी न वाजवणे हा दोष, तर दुसऱ्या ठिकाणी वाजवणे हा दोष. रत्नागिरीहून आंबा घाटाने कोल्हापूरला रुग्ण घेऊन जाणाऱ्या माणसाला या दोन्ही आज्ञा एकाच प्रवासात पाळाव्या लागतात. त्यात विचार करण्याजोगे काही आहे असे सहसा कोणाच्या मनात येत नाही, कारण हॉर्न चालू असेपर्यंत त्याचा विचारच करावा लागत नाही. तो बंद पडला म्हणजे मात्र काही प्रश्न उभे राहतात, आणि ते केवळ यंत्रविद्येचे नसतात.

आमच्या धर्मग्रामात एक गृहस्थ आहेत. त्यांची स्वतःची पिकअप गाडी आहे आणि तिच्यावरच त्यांचा संसार चालतो. चैत्र-वैशाखात हापूसच्या पेट्या, मासेमारीच्या हंगामात मिरकरवाडा बंदरावरची मासळी आणि बर्फ, मधल्या रिकाम्या दिवसांत कोणाचे सिमेंट तर कोणाच्या लग्नाचे सामान. गेल्या पावसाळ्यात या गाडीचा हॉर्न आधी घोगरा झाला. मग तो कधी वाजे, कधी वाजत नसे. आषाढ सरता सरता तो पार मुका झाला. गाडी दुरुस्तीला ठेवायची तर एक दिवसाची मजुरी बुडते, म्हणून हे काम आज-उद्यावर जात राहिले आणि महिनाभर ते बिनहॉर्नची गाडी चालवत होते. त्यांच्या आजारी आईला कम्युनिअन देण्यासाठी मी त्यांच्या घरी गेलो असता हा विषय निघाला. ते म्हणाले, “फादर, खरं सांगू का? हॉर्न गेल्यापासून मी माणसात आलो.”

त्यांनी याचा जो खुलासा केला तो मी हसण्यावारी नेला नाही. पूर्वी रस्त्यात गुरे आडवी आली की हात आपोआप हॉर्नवर जाई; आता ते गाडी थांबवतात, गुराख्याशी दोन शब्द बोलतात. पूर्वी पुढच्या रिक्षावाल्याने प्रवासी घ्यायला रिक्षा थांबवली की डोके तापे. आता त्यांना ठाऊक असते की आपण काही करू शकत नाही, त्यामुळे डोकेही तापत नाही. बाजारपेठेत ते पायी चालणाऱ्यांच्या पाठीशी गाडी चालत्या वेगाने नेतात. ब्रेक आधीपासून लावतात. डिझेलही थोडे कमी लागते, असे त्यांचे म्हणणे. “मग हा दुरुस्त करायचाच कशाला?” असा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न अर्धा थट्टेचा होता, पण अर्धा खराच होता.

आपल्या रस्त्यांवर हॉर्न हा बहुतेक वेळा इशारा नसतोच. तो राग असतो, घाई असते, पुष्कळदा नुसती सवय असते. सिग्नलला दिवा तांबडा असतानाही मागची गाडी हॉर्न वाजवते, तेव्हा ती कोणाला कोणत्या संकटाची सूचना देत असते? मुंबई पोलिसांनी २०२० साली एक गमतीदार प्रयोग लोकांपुढे आणला होता. काही सिग्नलांना आवाज मोजणारे यंत्र जोडले आणि हॉर्नांचा गोंगाट ८५ डेसिबलच्या वर गेला की तांबड्या दिव्याची मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजली जाई. जितका आरडाओरडा, तितके जास्त थांबणे. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये मालवाहू गाड्यांच्या पाठीवरील ‘हॉर्न ओके प्लीज’ या मजकुरावर बंदी घातली, तीही याच त्रासापोटी. ज्याच्या हातून हुकूम सोडण्याचे साधन गेले त्याला विनंती करावी लागते, वाट पाहावी लागते, आणि वाट पाहताना समोरचा माणूस दिसू लागतो. मठवासी संन्याशांनी मौनाला इतके महत्त्व का दिले, याचा थोडाफार उलगडा एका पिकअपवाल्याला महिनाभरात झाला असेल तर त्याचे मला कौतुकच आहे.

पण पुढची हकीकत त्यांनी स्वतःहून सांगितली नाही, त्यांच्या पत्नीने सांगितली. एका संध्याकाळी पाऊस भुरभुरत असताना ते घरी परतत होते. पाखाडीवरून मुख्य रस्त्याला मिळणाऱ्या उतारावरून एक शाळकरी मुलगा सायकलवर खाली येत होता आणि मान मागे वळवून सोबत्याशी बोलत होता. यांनी त्याला लांबूनच पाहिले. हात हॉर्नवर गेला. हॉर्न नव्हता. ब्रेक लावला, ओल्या डांबरावरून गाडी थोडी घसरली आणि मुलापासून दोन हातांवर थांबली. काही घडले नाही. मुलगा हसून निघूनही गेला. हे गृहस्थ मात्र घरी येऊन जेवले नाहीत, असे त्या बाईंनी सांगितले.

त्यांच्या शांत झालेल्या मनाविषयी मला आदर आहे, तरीही त्यांच्या प्रश्नाचे उत्तर या घटनेत आहे असे मला वाटते. मौनव्रत ज्याने घेतले त्याचे ते असते. त्या मुलाने कोणतेही व्रत घेतले नव्हते. यांच्या मौनापासून यांना शांती मिळाली आणि त्या शांतीची किंमत मोजण्याची पाळी जवळजवळ त्या मुलावर आली होती. गाडी यांची, कर्जाचे हप्ते यांचे, डिझेल यांचे; परंतु हॉर्न यांचा नव्हे. आरसा चालकासाठी असतो, पुढचे दिवे चालकाला रस्ता दाखवतात. हॉर्न, मागचा तांबडा दिवा आणि वळण दाखवणारे दिवे गाडीत बसलेल्या माणसाला काहीच सांगत नाहीत. ते बाहेरच्यासाठी आहेत. बाहेरच्याची एक वस्तू आपल्या गाडीवर ठेवीसारखी बसवलेली असते, आणि ठेव सांभाळणाऱ्याला ती मोडू देण्याचा अधिकार नसतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील ११९ वा नियम प्रत्येक मोटारगाडीला हॉर्न असलाच पाहिजे असे सांगतो, आणि त्याचे काम एवढेच सांगतो की गाडी येत असल्याची पुरेशी सूचना ऐकू यावी. अनेक सुरांचे, कर्कश किंवा दचकवणारे हॉर्न त्याच नियमाने निषिद्ध आहेत. ‘मी येत आहे’ हे कळवायचे. ‘तू बाजूला हो’ असा हुकूम करण्याचा अधिकार या नियमाने कोणाला दिलेला नाही.

दुसऱ्याच सुटीच्या दिवशी त्यांनी अंगणात गाडी उभी करून बॉनेट उघडले. शेजारचा एक तरुण भाचा मदतीला होता. हॉर्नच्या पोटात तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. त्यातून वीज वाहू लागली की त्याचे लोहचुंबक बनते व ते पोलादाचा पातळ पडदा आपल्याकडे ओढते. पडदा ओढला जाताच विजेची वाट जोडणारे दोन पॉइंट एकमेकांपासून अलग होतात, चुंबकत्व नाहीसे होते, पडदा मागे येतो आणि पॉइंट पुन्हा जुळतात. हे सेकंदाला सुमारे चारशे वेळा घडते आणि त्या थरथरीचा आवाज आपल्याला ऐकू येतो. पॉइंट जळून एकमेकांना चिकटले तर वीज अखंड वाहत राहते, पण आवाज निघत नाही. एकदाच ‘टक्’ होते आणि पडदा ओढलेलाच राहतो. (विद्युत हॉर्नच्या आरंभीच्या प्रकारांपैकी क्लॅक्सन या प्रसिद्ध हॉर्नचा जनक मिलर रीस हचिसन हा अमेरिकन संशोधक. त्याचे पेटंट १९०८ मधले. त्याआधी याच माणसाने ऐकू न येणाऱ्यांसाठी विजेवर चालणारे श्रवणयंत्र तयार केले होते. एकाच माणसाने आधी बहिऱ्याला ऐकू आणण्याचा आणि मग ऐकणाऱ्याला दचकवण्याचा उद्योग करावा, याची मला नेहमी गंमत वाटते.)

घरी हॉर्न दुरुस्त करताना पहिली गोष्ट करायची ती म्हणजे काहीही न उघडता ऐकणे. एकाने आत बसून हॉर्नचे बटण दाबले, दुसऱ्याने बॉनेटपाशी कान लावला. रिले ‘टिक’ करून वाजला. याचा अर्थ स्टिअरिंगवरचे बटण आणि तेथून रिलेपर्यंतची तार शाबूत होती. बिघाड रिलेच्या पुढे होता. मग फ्यूज काढून पाहिला, तोही धड होता. हॉर्नच्या तारेला टेस्ट लॅम्प लावला आणि बटण दाबले, दिवा लागला. म्हणजे वीज हॉर्नच्या दारापर्यंत येत होती. आता उरला तो हॉर्न स्वतः, किंवा त्याची अर्थ, म्हणजे वीज परत बॅटरीकडे जाण्याची वाट. यांच्या गाडीला शंखाच्या आकाराचे दोन हॉर्न होते, एक बारीक आवाजाचा व एक जाड आवाजाचा, आणि दोघांची अर्थ ज्या पत्र्यावर ते बसवले होते त्या पत्र्यातूनच होती. जाड आवाजाच्या हॉर्नच्या अंगापासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत एक सुटी तार धरताच तो खणखणीत वाजला, इतका अचानक की कोंबड्या उडाल्या. हॉर्न ठीक होता, त्याच्या बोल्टखाली गंज चढला होता. समुद्राच्या खाऱ्या हवेत आणि आमच्या पावसात हा रोग सर्रास आढळतो. बॅटरीची तार सोडवून, बोल्ट काढून, पॉलिश पेपरने पत्रा लख्ख होईपर्यंत घासला, बोल्ट कसला, वरून ग्रीस लावले.

दुसरा हॉर्न मात्र बॅटरीला थेट जोडूनही गप्पच राहिला. मागच्या बाजूचा जुळवणीचा स्क्रू पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे फिरवून पाहिला, तेव्हा तो एकदा गुरगुरला एवढेच. खोलून उलटा केल्यावर त्यातून तांबूस पाणी ओघळले. कधीतरी बंपर सरळ करताना कोणीतरी हॉर्न पुन्हा बसवताना त्याचे तोंड वर केले होते, आणि दोन पावसाळ्यांचे पाणी त्यात साठत गेले होते. शंखाकृती हॉर्नचे तोंड किंचित खाली झुकलेले असावे लागते, म्हणजे आत गेलेले पाणी बाहेर पडते. तो हॉर्न नवा आणावा लागला. एरवी सारे काम दोन तासांचे, खर्च एका हॉर्नचा. ज्या घरी असे काम करावयाचे असेल त्यांनी अंगठी व घड्याळ काढून ठेवावे, इंजिन गार असावे, आणि ज्या गाडीच्या स्टिअरिंगमध्ये एअरबॅग आहे तिचे स्टिअरिंग घरी कदापि उघडू नये. बिघाड बटणात असल्याचे दिसले तर तेथे हात थांबवावा आणि जाणत्याकडे जावे.

काम चालू असताना एक वाद झाला, आणि मला तो दुरुस्तीइतकाच महत्त्वाचा वाटला. भाच्याचे म्हणणे होते की एवढी शोधाशोध कशाला, बॅटरीवरून एक तार थेट ओढून डॅशबोर्डवर नवे बटण बसवू, दहा मिनिटांचे काम. असे बटण बसवलेल्या गाड्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. बटण दाबले की हॉर्न वाजतो. योग्यता प्रमाणपत्रासाठी गाडी तपासायला नेली तर तेथेही तो वाजेल. मग फरक काय? एक फरक असा की रिले व फ्यूज टाळून नेलेली तार पत्र्याला घासून सोलवटली तर तापते आणि पेट घेऊ शकते. दुसरा फरक त्या गृहस्थांनीच सांगितला, आणि तो मला जास्त खोल वाटला. ते म्हणाले, “त्या संध्याकाळी माझा हात स्टिअरिंगच्या मधोमध गेला. डॅशबोर्डवर गेला नसता.”

तपासणीच्या दिवशी वाजणारा हॉर्न आणि त्या मुलासाठी वाजणारा हॉर्न हे दोन वेगळे हॉर्न आहेत. पहिला आपली सुटका करण्यासाठी असतो. आपले पुष्कळसे सद्गुणही डॅशबोर्डवरच्या बटणासारखे असतात, विचार करायला सवड मिळाली तर सापडतात. घरी स्वतःच्या हाताने दुरुस्ती करणारा माणूस पैसे वाचवतो हे खरे, परंतु तेथे त्याला तपासणारा कोणी नसतो. गंज पुरता घासला की वरवर, बोल्ट कसला की नुसता अडकवला, हे त्याला एकट्यालाच ठाऊक. ‘चालतंय ना, मग झालं’ हे आपल्याकडचे सर्वांत सोयीचे वाक्य आहे. स्वतःच्या घरातील पंख्याबाबत ते म्हणावे. ज्या दुरुस्तीवर अनोळखी माणसाचा जीव अवलंबून आहे तिच्याबाबत ते म्हणण्याचा अधिकार घरमालकाला कसा पोहोचतो, हे मला उमगत नाही.

मिरकरवाड्याच्या खलाशांना हा हॉर्नचा धर्म रस्त्यावरच्या आपल्यापेक्षा अधिक चांगला समजलेला असावा. समुद्रात टक्कर टाळण्यासाठी १९७२ मध्ये जे आंतरराष्ट्रीय नियम ठरले, त्यांत भोंग्याची एक पुरती भाषाच आहे. एक आखूड आवाज म्हणजे मी उजवीकडे वळत आहे; दोन म्हणजे मी डावीकडे वळत आहे; तीन म्हणजे माझे इंजिन मागे जाण्यासाठी चालू आहे. दाट धुक्यात किंवा मुसळधार पावसात चालत्या जहाजाने दोन मिनिटांहून अधिक काळ गप्प राहायचे नाही, एक लांब आवाज द्यायचाच. समोरच्याचे वागणे कळेनासे झाले तर पाच किंवा अधिक आखूड आवाज द्यायचे, आणि त्यांचाही अर्थ ‘हट’ असा नाही. तुझा हेतू मला कळत नाही, एवढाच आहे. समुद्रावरची सर्वांत कडक ताकीदही अशी आपल्या अज्ञानाच्या कबुलीच्या रूपात आहे. आणखी एक नियम मला फार आवडतो. खाडीच्या किंवा जलमार्गाच्या ज्या वळणापलीकडचे दिसत नाही, तेथे पोहोचणाऱ्या जहाजाने एक लांब आवाज द्यायचा आणि पलीकडून येणाऱ्या जहाजाने तो ऐकला तर तसाच लांब आवाज देऊन उत्तर द्यायचे. आमच्या घाटात हॉर्नला असे उत्तर मिळाले तर ते बहुधा शिवीचे असते.

अगदी अलीकडची गोष्ट घ्या. विजेवर चालणाऱ्या मोटारी इतक्या निःशब्द निघाल्या की त्यांचे येणे पादचाऱ्यांना, विशेषतः अंधांना, कळेना. म्हणून युरोपीय संघाने १ जुलै २०१९ पासून अशा मोटारींच्या नव्या प्रकारांना मंद वेगात स्वतःहून आवाज करणारे यंत्र सक्तीचे केले. आवाज कमी करण्यासाठी एवढे कष्ट घेतलेल्या समाजाला शेवटी थोडा आवाज परत बसवावा लागला. आपल्या बैलांच्या गळ्यातील घुंगरमाळा हेच काम करीत असत. त्यांत कोणाला उद्देशून काही नसे. गाडी येत आहे, एवढे रस्त्याला कळे.

सेमिनरीत असताना नीतिशास्त्राच्या तासाला एक भेद आम्हांला शिकवला गेला होता. संत थॉमस अक्वायनस म्हणतात की ‘हे करू नकोस’ अशा निषेधाच्या आज्ञा सदैव आणि प्रत्येक क्षणी बांधतात; ‘हे कर’ अशा विधीच्या आज्ञा सदैव बांधतात, पण प्रत्येक क्षणी नव्हे. खून न करण्याला वेळ-काळ पाहावा लागत नाही. सत्कृत्याला मात्र योग्य स्थळ, योग्य वेळ आणि योग्य रीत लागते. थॉमस यांनी हा विचार बंधूला त्याची चूक दाखवून देण्याच्या कर्तव्याच्या संदर्भात मांडला आहे, आणि इशारा देण्याच्या कर्तव्याला तो तंतोतंत लागू पडतो. सदैव बांधते, म्हणून हॉर्न सदैव दुरुस्त हवा. प्रत्येक क्षणी बांधत नाही, म्हणून तो सदैव वाजता कामा नये. आरंभीच्या दोन पाट्यांचे भांडण येथे मिटते. मुका हॉर्न आणि अडकून सतत वाजणारा हॉर्न हे एकाच रोगाचे दोन प्रकार ठरतात, कारण अखंड वाजणाऱ्या हॉर्नमधूनही कोणाला काहीच कळत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये घातलेल्या १९४ फ या कलमाने विनाकारण वा सतत हॉर्न वाजवणाऱ्याला पहिल्या वेळी एक हजार व पुढे दोन हजार रुपये दंड ठेवला आहे. कायद्याला दंड ठरवता येतो. आता वाजवावा की थांबावे, हा क्षणाचा निर्णय मात्र चालकाच्या विवेकावरच सोडावा लागतो.

करावयाचे ते न करण्यानेही पाप घडते, हे मिस्साच्या आरंभी आपण छाती पिटून कबूल करतो. आपल्या कबुलीजबाबात मात्र केलेल्या गोष्टींची यादी असते, राहून गेलेल्या गोष्टी क्वचितच येतात. हॉर्नचा गंज हा असा राहून गेलेल्या गोष्टींपैकी आहे. कोणी मुद्दाम काही केलेले नसते. खारी हवा आपले काम करीत असते आणि आपण आज-उद्या करीत असतो. यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथातील ३३ व्या अध्यायात शहराच्या पहारेकऱ्याचा दृष्टान्त आहे. तलवार येताना पाहून पहारेकऱ्याने रणशिंग फुंकले आणि कोणी सावध झाला नाही, तर त्याचा दोष त्या न ऐकणाऱ्यावर. पहारेकऱ्याने पाहूनही रणशिंग फुंकले नाही आणि कोणी मेला, तर त्याच्या रक्ताचा जाब पहारेकऱ्याला द्यावा लागेल. प्रवचनांत हा दृष्टान्त आम्ही धर्मगुरू स्वतःला लावतो, आणि तो लावलाच पाहिजे. परंतु गाडीच्या चालकाला तो लावताना मला एक अडचण दिसते. पहारेकरी तटावर उभा असतो आणि तलवार परमुलखातून येत असते. रस्त्यावर पहारेकरी आणि तलवार ही दोन्ही एकच आहेत. ज्याने रणशिंग फुंकायचे तोच वेगाने चालून येत आहे.

म्हणून रणशिंग फुंकल्यावर पहारेकऱ्याची जशी सुटका होते तशी चालकाची होत नाही. अपघातानंतर गर्दीत ‘मी हॉर्न दिला होता’ असे वाक्य हमखास ऐकू येते. ते खरेही असते. पण तलवारीने आपण वाजून आलो होतो असे सांगून काय साधणार? इशारा दिल्याने जबाबदारी समोरच्याच्या खांद्यावर जात नाही, फक्त तिच्यात त्यालाही सहभागी करून घेतले जाते. आणि त्याला ऐकू आले नाही, कळले नाही, पाय उचलता आला नाही, तर ती संपूर्ण परत आपल्याकडे येते. त्या गृहस्थांनी बिनहॉर्नच्या महिन्यात जे ब्रेकचे शहाणपण मिळवले ते हॉर्न दुरुस्त झाल्यावर टाकून देण्याचे कारण नव्हते, आणि माझ्या माहितीप्रमाणे त्यांनी ते टाकलेले नाही. निदान गुराख्याशी त्यांचे बोलणे अजून चालू आहे.

त्यांच्याच वाडीत ऐंशीच्या घरातले एक वृद्ध आहेत. त्यांना मुळीच ऐकू येत नाही. रोज सकाळी हातात किटली घेऊन ते दूध आणायला जातात आणि रस्त्याच्या मधून चालतात, कारण कडेला शेवाळ असते व पाय घसरतो. वाडीतल्या गाड्या त्यांच्यामागे हॉर्न न वाजवता पहिल्या गिअरमध्ये येतात आणि ते आपल्या फाटकात वळेपर्यंत मागेच राहतात. एखादी बाहेरगावची गाडी त्यांच्या पाठीशी येऊन हॉर्न वाजवते, पुन्हा वाजवते, आणि शेवटी कोणीतरी अंगणातून धावत येऊन तिला हात दाखवून थांबवते.